वाढत्या हाताची ग्रिप

मित्रांनो, मी एक जुनी ग्रिप आहे. खरे सांगायचे तर ग्रिपचा उरलेला तुकडा आहे. तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, बाकी माझे माणसांशी कधी जमलेले नाही. सध्या माझा मुक्काम एका शिलाई मशीनच्या पायाखाली आहे. मशीन चालताना डुगडुगते, ते डुगडुगू नये म्हणून मला दुमडून तिथे कोंबले आहे. इथून मला शिवणाऱ्या बाईची टाच दिसते, जमिनीवर सांडलेले दोरे दिसतात आणि गिऱ्हाइकांचे पाय दिसतात. पायांवरून माणूस बराचसा कळतो. तोंड बघावे लागत नाही हा वर फायदा.

ग्रिप म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. जिम्नॅस्टिक शिकणाऱ्या मुली उंच बारला लटकतात, झोके घेतात, हात ताठ ठेवून बारभोवती पूर्ण गोल फिरतात. त्यात तळहात सोलवटून निघतात. म्हणून तळहातावर कातड्याची एक लांबट पट्टी बांधतात. तीच मी. माझ्या वरच्या टोकाला दोन भोके, त्यांतून मधले बोट आणि त्याच्या शेजारचे बोट बाहेर काढायचे. भोकांच्या जरा खाली कातड्याच्या घडीत पेन्सिलीएवढ्या जाडीची एक काडी शिवलेली. खालच्या टोकाला मनगटाचा पट्टा आणि बकल. बार धरला की काडी त्याला अडकते आणि बोटांचे निम्मे ओझे माझ्या गळ्यात पडते. मी हाताला बरोबर बसले असेन, तर हे सगळे ठीक चालते. बरोबर बसले नसेन तर काय होते, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्म कसला, कापाकापीच. एका मोठ्या कातड्यातून साच्याने मला ठोकून काढले, लगोलग दोन भोके पाडली, आणि दुखले का म्हणून कुणी विचारले नाही. शेजारच्याच कातड्यातून माझी जुळी बहीण निघाली, डावी. आमचे पहिल्या दिवसापासून बिनसले. त्याला कारण आहे. मुली आधी डाव्या हाताची ग्रिप बांधतात. उजवा हात मोकळा असतो, तेव्हा अगदी निवांत, लाडाने बांधतात. माझी पाळी येईपर्यंत डावा हात जखडलेला असतो, बोटे नीट वळत नाहीत, म्हणून माझा पट्टा दातांत धरून ओढतात. म्हणजे तिच्या वाट्याला बोटे आणि माझ्या वाट्याला दात. तिचा पट्टा शेवटपर्यंत गुळगुळीत राहिला, माझ्यावर दातांची नक्षी उमटली. वर ती मला म्हणायची, "उजवी आहेस ना, मग सोस." अशा बहिणीशी कोण बोलेल?

पुढे आम्ही खेळाच्या सामानाच्या एका दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात पडून राहिलो. दुकानदार आळशी होता, पण प्रामाणिक होता. म्हणजे खोटे बोलण्याचेही कष्ट घेत नसे. 

तिथे एके दिवशी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. बाईच्या गळ्यात मोजपट्टी लोंबत होती. ती काढायची राहून गेली होती असे नाही, ती कधी काढतच नसे. तिचे शाळेच्या गणवेशांचे दुकान होते. वस्तीतले एकूण एक पोर तिने कधी ना कधी समोर ताठ उभे करून मोजले होते, आणि मोजून झाल्यावर प्रत्येक मापात चार बोटे वाढवली होती. "वाढतं अंग आहे," हे तिचे वाक्य ठरलेले. त्यामुळे पोरे पहिले वर्ष बुजगावण्यासारखी हिंडत, दुसऱ्या वर्षी कपडा मापात येई आणि तिसऱ्या वर्षी तो आखूड होई. तीन वर्षांत एक वर्ष पोर माणसासारखे दिसे. तरी आया खूष असत, कारण त्यांनाही तेच वाक्य म्हणायचे असे आणि ते दुसऱ्या कुणीतरी आधी म्हटले की बरे वाटे.

मुलगी लहान चणीची होती. जिममध्ये तिला सगळे मुंगी म्हणत. तिच्या दोन्ही तळहातांवर फोड फुटून गेलेल्या लाल जागा होत्या. त्यांच्या कोच मॅडमचे म्हणणे होते, की अजून काही महिने उघड्या हाताने करू दे, हात पक्का होऊ दे, मग ग्रिप्स मीच सांगेन तेव्हा आणा. हे म्हणणे बाईच्या गळ्याखाली उतरलेही असते. पण मुंगीच्या गटात एक उंच मुलगी होती, तिला जिराफ म्हणत. तिचा हात आधीच तयार झालेला, म्हणून तिला ग्रिप्स मिळाल्या होत्या. आणि आया जिथे बसतात त्या बाकावर जिराफची आई मुंगीच्या आईला म्हणाली होती, "तुमच्या मुलीला अजून दिल्या नाहीत होय? बरोबरच आहे. लहान चणीच्या मुलींचं जरा दमानं घेतात."

त्या एका वाक्यावर आम्ही विकल्या गेलो.

दुकानदाराने मुंगीचा हात काउंटरवर पालथा-उताणा केला, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजले आणि म्हणाला, "सगळ्यात लहान नंबर."

"लहान?" बाईने विचारले.

"सगळ्यात लहान."

"हिच्याबरोबरची ती उंच मुलगी कुठला घालते?"

"त्यांनी यापुढचा नेला."

"मग हिला त्याच्याही पुढचा द्या. वाढता हात आहे."

"ताई, हे बूट नाहीत."

"बूट असते तर आणखी एक नंबर मोठे मागितले असते."

दुकानदाराने मुलीकडे पाहिले. मुलीने छताकडे पाहिले. अशा वेळी छताकडे बघायचे हे तिला चांगले जमत होते. "लांब ग्रिप बारवर दुमडते," तो म्हणाला. "घरी घालून बघा. नाही बसली तर बदलून देतो. तेवढी त्यावर काही खूण करू नका म्हणजे झालं."

घरी पोचल्यावर बाईने पहिले काम काय केले असेल? न पुसणाऱ्या शाईने आम्हा दोघींवर मुलीचे नाव, आडनाव आणि इयत्ता लिहिली. गणवेशाच्या दुकानात नाव न घातलेली वस्तू म्हणजे हरवलेलीच वस्तू. तिचा हात सवयीने चालला. आणि त्या क्षणी दुकानाचा परतीचा रस्ता बंद झाला.

जिमचा तो उंच हॉल मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पांढऱ्या चॉकची पूड सगळीकडे. हातांना, बारला, गाद्यांना, पोरींच्या नाकांना. कोच मॅडमच्या गळ्यात शिट्टी असे आणि पाठीमागे मुली तिला शिट्टीच म्हणत. म्हणजे एकीच्या गळ्यात शिट्टी, दुसरीच्या गळ्यात मोजपट्टी. दोघींनाही वाटायचे, की आपल्या गळ्यात जे आहे त्यापुढे जगाने मान वाकवावी. यांचे जमणार नव्हते हे मी तेव्हाच ओळखले.

मॅडमने मुंगीचा बांधलेला हात आपल्या हातात घेतला, बोटे सरळ करायला लावली आणि बाकाकडे वळून बाईला बोलावले.

"ही काडी कुठे आलीय बघा."

"बोटावर आलीय की."

"नखाशी आलीय. ती मधल्या सांध्याच्या जरा वर बसायला पाहिजे. मी ग्रिप्स आणायला सांगितल्या होत्या का?"

"तळहात बघितलेत का तुम्ही तिचे?"

"रोज बघते. ही किती लांब घेतलीय तुम्ही?"

"वाढता हात आहे, मॅडम. मापाचं मला नका शिकवू. मी दिवसभर तेच करते."

"तुम्ही कपडे करता," मॅडम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळेच तो जास्त लागला. "कपडा मोठा झाला तर पोरगी वेंधळी दिसते. ग्रिप मोठी झाली तर कातडं बारभोवती वळतं, स्वतःवरच चढतं आणि तिथेच आवळतं. हात जागच्या जागी थांबतो. अंग मात्र फिरत राहतं. मनगटाचं काय होतं ते मी बघितलंय. मापाच्या आणा, नाहीतर उघड्या हातानं करेल. स्पर्धेत बारवर एकच मुलगी पाठवायचीय, ही किंवा ती उंच. मला घाई नाही."

बाकावरच्या आया आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. कान मात्र सगळ्यांचे इकडेच होते.

आता सरळ माणसाने काय केले असते? सगळ्यात लहान नंबर नवा आणला असता. पण नाव लिहिलेली वस्तू परत जात नाही, आणि नवी आणायची म्हणजे शिट्टी बरोबर होती असे बाकावरच्या सगळ्या आयांसमोर कबूल करायचे. त्यापेक्षा बाईने दुसरा मार्ग काढला. तो तिच्यासारख्या बाईलाच सुचेल. कपडा मोठा झाला तर तो काय फेकून देतात? आत घेतात.

दुपारी दुकान रिकामे असताना तिने आम्हाला मशीनखाली घातले. सुई मोडली. मला बरे वाटले. मग तिने दाभण आणि मेण लावलेला जाड दोरा काढला. मनगटाच्या पट्ट्याच्या अगदी जवळ, जिथे बाहेरून दिसणार नाही तिथे, मला दुमडून जाड चुणी घातली आणि टाक्यावर टाका घालून पक्की केली. डावीलाही तेच. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी बहिणी एका सुरात विव्हळलो. काम सुबक होते, ते नाकारत नाही. एकही टाका वाकडा नव्हता. पण मित्रांनो, दोऱ्याने शिवलेले कातडे कपड्याच्या घडीसारखे नुसते लोंबत नाही. त्याला माणूस लटकतो.

"मॅडमनी बदलून आणायला सांगितलंय," मुंगी म्हणाली.

"बसल्याशी कारण. घाल बघू. बसली ना? हात वाढला की उसवून देईन, मग पुढची दोन वर्षं बघायला नको."

"मॅडमना सांगू?"

"विचारलं तर सांग. नाही विचारलं तर आपण होऊन कशाला सांगायचं?"

आणि मॅडमने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तिने काडी पाहिली, ती सांध्याच्या वर बरोबर बसली होती. "बरं झालं, बदलल्या," ती म्हणाली. हा काही प्रश्न नव्हता, म्हणून मुंगीने उत्तर दिले नाही. आपले ऐकले गेले या समाधानात मॅडमने मनगटाचा पट्टा उलटून पाहिला नाही. माणसे जिंकली की तपासायचे थांबवतात, हे मी तेव्हा पाहून ठेवले.

पुढचे दिवस वाईट गेले. मुंगी छोटे झोके घेई, आणि प्रत्येक झोक्याला माझ्या चुणीत कुठेतरी कुरकुर होई. दोरा कातड्याला कापत होता, कातडे दोऱ्याला घासत होते. डावी म्हणायची, तुझे टाके आधी सुटणार. मी म्हणायचे, तुझे. मुंगीला ते माहीत होते का? होते. बार धरण्याआधी ती अंगठ्याने चुणी चाचपून बघायची. मग बाकाकडे बघायची, तिथे आई बसलेली असायची. मग मॅडमकडे. मग छताकडे. मला त्या मुलीबद्दल प्रेम नव्हते. घामट हात, आणि तो दातांचा प्रकार. पण मनगटाच्या पट्ट्याखाली तिची नाडी माझ्या कातड्याला लागून उडत असे. आधी ती झोक्यावर आनंदाने उडायची. चुणी घातल्यापासून ती बारखाली उभी असतानाच उडू लागली. लहान मुलीच्या नाडीत एवढी भीती असावी हे मला पटले नाही. रागवायचे तरी कुणावर, ते मात्र कळेना. आई, मॅडम, जिराफची आई, दुकानदार. मी आलटून पालटून सगळ्यांवर रागावले.

स्पर्धेसाठी मुलगी निवडायचा दिवस आला. पूर्ण गोल जी स्वच्छ फिरेल ती जाणार. चॉकच्या डब्यापाशी दोघी शेजारी उभ्या होत्या. मुंगीने मला दातांनी ओढून बकल लावले, तेव्हा मनगटाचा पट्टा जरा सरकला. जिराफने मान खाली घातली. तिला मान बरीच खाली घालावी लागे.

"अजून तेच?" जिराफ म्हणाली. "मला वाटलं काढलं असशील."

"काय?"

"टाके. मी परवाच बघितलेत. फ्रॉकसारखं आत घेतलंय तुझ्या आईनं."

"तुला काय करायचंय? स्वतःच्या ग्रिप्स बघ."

"माझ्या शिवलेल्या नाहीयेत."

"गप गं, जिराफ."

"बरं, मुंगे."

झाले एवढेच. मुंगी ठोकळ्यावर चढली, वरचा बार धरला, लटकली. पहिला झोका. माझा एक टाका गेला. दुसरा झोका जास्त उंच. आणखी एक गेला. तिसऱ्या झोक्याला ती वर जाऊन पूर्ण फिरणार होती. तेवढ्यात खालून आवाज आला. "मॅडम, तिच्या ग्रिप्सना टाके घातलेत."

शिट्टी वाजली. एवढ्या जोरात वाजली, की शेजारच्या गादीवरची मुले कोलांटी अर्धवट सोडून बसली. "सोड. खाली," मॅडम म्हणाली आणि मुंगी गादीवर उतरली. तिची नाडी त्या क्षणी कशी सैल पडली ते मला एकटीला ठाऊक आहे. सगळ्यांसमोर चोरी पकडली गेली होती, गाल लाल झाले होते, पण मनगट सुटकेचा श्वास घेत होते.

जिराफने हे का केले? दोन दिवस पोटात ठेवून नेमके तेव्हाच का सांगितले? निवडीची जागा हवी होती म्हणून, की तिसरा झोका बघवला नाही म्हणून? चुगली म्हणून मुली तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिल्या. मी काही बोलणार नाही. मी तिच्या हाताला कधी बांधलेली नव्हते, आणि नाडी पाहिल्याशिवाय मी कुणाबद्दल मत देत नाही.

मॅडमने मनगटाचा पट्टा उलटला. चुणी पाहिली. बाई तोवर बाकावरून उठून चालत आली होती.

"चपला," मॅडम म्हणाली.

बाईने गादीच्या कडेला चपला काढल्या.

"हे तुम्ही केलंत?"

"मीच केलं. काडी जागेवर आणा म्हणालात, आणली. तुम्हालाही पसंत पडलं होतं."

"हा दोरा आहे."

"माझी टीप आहे ती. शाळेची पोरं वर्षभर मातीत लोळतात, झाडावरून पडतात, कापड फाटतं पण माझी टीप सुटत नाही. विचारा कुणालाही."

"कापड लोळतं. याला मुलगी लटकते."

"मग द्या इकडे," बाई म्हणाली. "मीच लटकून दाखवते. पोरीपेक्षा माझं वजन जास्त आहे ना? मग झालं तर."

मला वाटले मॅडम नको म्हणेल. ती म्हणाली, "खालचा बार घ्या. पाय गादीला टेकलेले राहू द्या."

बाई चणीने मुलीवरच गेली होती. तिचा हात इवलासा होता. आम्ही दोघी तिच्या तळहातावर चढलो. मित्रांनो, मी तेवढा काळ पहिल्यांदा आणि शेवटचे कुणाच्या तरी हाताला शोभले. सुईने भोके पडलेली बोटे, कडक झालेला अंगठा. हा हात मी ओळखत होते, यानेच मला दाभणाने टोचले होते. मला त्याचा राग होता. खरे सांगते, मी टाके धरून ठेवायचा प्रयत्न केला नाही.

बाईने बार धरला, गुडघे वाकवले, अंग सोडले. काही झाले नाही. तिने बाकाकडे मान वळवून पाहिले.

"आता थोडं झुला," मॅडम म्हणाली आणि मागे हात धरून उभी राहिली.

बाई पुढे झुलली. मागे आली. पुन्हा पुढे गेली, आणि माझे उरलेले टाके एकामागून एक तटातट तुटले. चुणी उलगडली, मी एकदम लांब झाले, काडी घरंगळत बारच्या पलीकडे गेली आणि माझेच कातडे माझ्यावर चढले. मी आवळले गेले. बाईचा हात बारवर जाम बसला.

"सोडा आता," मॅडम म्हणाली.

"सुटत नाहीये."

"बोटं उघडा."

"उघडत नाहीयेत. सांगते ना, सुटत नाहीये." आवाजातली दुकानदारीण गेली होती. आता तो नुसता कुणाचातरी आवाज होता.

मॅडमने तिला कमरेला धरून उचलले, भार काढला, आणि कातडे मागे सरकवून हात मोकळा केला. बाकावर कुणीतरी फिसकन हसले. कोण ते मी ओळखते, तुम्हीही ओळखले असेल. बाईच्या मनगटावर लाल वळ उठला होता. मोजपट्टी खांद्यावरून घसरून पाठीमागे लोंबत होती.

"तुमचे पाय गादीवर होते," मॅडम म्हणाली. "आणि तुम्ही फिरत नव्हता."

मुंगी पुढे आली, आईचा उजवा हात हातात घेतला आणि रोजच्या सवयीने माझा पट्टा दातांत धरून बकल ओढून काढले. तेवढ्यापुरते मला दातांचे वाईट वाटले नाही.

"आज मी उघड्या हातानं फिरू?" मुंगीने मॅडमला विचारले.

"तळहात दाखव." मॅडमने पाहिले. "नाही. यंदा ती जाईल. तुझ्या मापाच्या मीच बघेन, हात तयार झाला की."

जिराफ गेली. स्पर्धेत ती फिरताना घसरली आणि गादीवर बसली, असे पुढे कानावर आले. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

त्या संध्याकाळी दुकानात बाईने आम्हाला पर्समधून काढून कापायच्या टेबलावर ठेवले. बाईचा नवरा इस्त्री करत होता. त्याला घडलेले सगळे कळले होते, आणि तो शहाणा होता म्हणून त्याने त्याबद्दल एक अक्षर काढले नाही. त्याने मला उचलून उलटसुलट पाहिले.

"उसवून ठेव," तो म्हणाला. "दोन वर्षांनी होतील तिला. वाढता हात आहे."

हे वाक्य तो बायकोकडूनच शिकला होता. बाईने त्याच्या हातातून मला काढून घेतले. मग तिने कापडाची मोठी कात्री घेतली आणि मला तळहाताच्या मधोमध आडवे कापले. मग डावीला.

"अगं, चांगलं कातडं होतं," तो म्हणाला.

"म्हणूनच," बाई म्हणाली. "चांगलं दिसतं म्हणूनच कुणीतरी घालेल."

मला त्या बाईबद्दल कधी बरा शब्द बोलायचा नव्हता. तो हा एक. याउपर मागू नका.

बाई आणि मॅडम यांची मैत्री झाली असेल, असे तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही फार गोष्टी वाचता. एकदा चॉकने पांढरे झालेले पाय दुकानात आले. 

"संघाचे कपडे शिवायचेत, माझ्यासकट," वरून आवाज आला. "आजच्या मापाचे. चार बोटं वाढवायची नाहीत."

"ठाऊक आहे मला."

"सांगितलेलं बरं."

"शिट्टी काढून मोजू द्याल का? छातीचं माप चुकतंय."

दोघींचे असेच चालू आहे. कपडे मात्र मापाचे शिवले गेले.

मुंगीला पुढे तिच्या मापाच्या ग्रिप्स मिळाल्या, त्याच आळशी दुकानदाराकडून. मोजताना बाई हात मागे बांधून उभी होती आणि आतल्या आत दातओठ खात होती, असे मुंगीने इथे शिलाईला आलेल्या एका मैत्रिणीला सांगितले. ग्रिप्स वापरून वापरून लांबतात. लांबल्या की बाई त्या स्वतः कापते आणि तुकडे मशीनच्या पायाखाली सरकवते. म्हणून माझ्यावर एकेक तुकडा येत गेला. पहिला माझ्याहून बराच आखूड होता. पुढचा जरा मोठा. मुंगीचा हात किती वाढला, ते मला तोंड वर न करता कळत असे.

परवा आणखी एक आला. बाईने खाली वाकून आधी मला ओढून बाहेर काढले आणि तो नवा तुकडा माझ्यावर ठेवला. कडेला कड लागली. नंबर तोच. बाईने दोन्ही तुकड्यांवरून अंगठा फिरवला. हात वाढला होता, बाईने म्हटले होते तसाच. मग तिने आम्हाला एकावर एक रचून परत पायाखाली घातले आणि मशीन चालू केले.

माझ्या जातीच्या वस्तू शेवटी तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणत नाही. मित्रांनो, कपडे खुशाल मोठे घ्या, पाय मोठा होईल म्हणून बूटही घ्या. पण ज्या वस्तूवर मूल आपले वजन टाकणार आहे, ती आज त्याच्या हाताला बसते का ते आजच बघा, आणि बसेनाशी झाली की माझ्यासारखी मधोमध कापा. जपायचे असेल तर मनगट जपा. माझे काय, मला पायाखाली ठेवलेत तरी चालेल.